पाचवी कमान

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे चौथीतच अर्धवट राहिलं. अक्षर तर असं की सना म्हणते, "अम्मी, कागदावरून कोंबडी चालून गेली काय?" सना माझी मुलगी, दम्मामच्या इंडियन स्कूलमध्ये अकरावीला. तिच्या केमिस्ट्रीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहितेय. कोणाला दाखवायचं नाही. पण लिहिल्याशिवाय माझा राग उतरणार नाही, आणि तोंडाने बोलायला मला कधी जमलं नाही.

दाऊदचाचा गावी वारले त्या दिवशी आमच्या कोकणी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इम्तियाझ इंजिनिअरने लिहिलं, "चाचा माझे गुरू होते. त्यांचा वारसा मी जिवापाड जपला आहे." खाली चाचांचा फोटो, चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. त्याखाली चाळीस-एक माणसांनी दुवा मागणारे हात टाकले. मी अकरा जणांच्या डब्यांची भाजी ढवळत होते. भाजी करपली. त्या दिवशी कोणी तक्रार केली नाही, सगळ्यांना वाटलं मी दुःखात आहे. मी दुःखात नव्हते. मी रागात होते.

गुरू म्हणे. ज्या माणसाने चाचांच्या हातचे कागद खोटं बोलून माझ्या दारातून उचलून नेले, तो वारसा जपतोय.

चाचा कोण होते ते आधी लिहिते.

चाचा ड्राफ्ट्समन. बाणकोटच्या खाडीकडचे. वडील होड्या बांधायचे. चाचा विशीत सौदीला आले आणि दम्मामच्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात नकाशे काढत म्हातारे झाले. आम्ही जवळच कतीफला राहतो, कारण इथे भाडं कमी आणि मासळी ताजी. चाचाही आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटे राहायचे. चाची गावीच वारल्या होत्या. उंच, वाळका माणूस, बोर्डावर वाकून वाकून पाठीला बाक आलेला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा, चण्याएवढा. बाकी म्हातारे हातात तसबीहची माळ फिरवतात, चाचांच्या हातात मापाची टेप असायची. बोलता बोलता टेप बाहेर ओढायचे आणि सोडायचे. ती सर्रकन आत जायची तेव्हा समजायचं, आता चाचा भांडणार.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमचा मोठा फ्रिज आला तेव्हा. चार गडी फ्रिज दारात घेऊन उभे, सनाचे अब्बा मधे. रस्त्याने जाणारा हा म्हातारा थांबला, टेप काढली, दार मोजलं, फ्रिज मोजला.

"आत जाणार नाही. दार एकाहत्तर आहे, फ्रिज त्र्याहत्तर."

"चाचा, जरा ढकलला की जातो," एक गडी म्हणाला.

"माप कमी पडलं की माणूस ताकद लावतो," चाचा म्हणाले आणि समोरच्या कट्ट्यावर खजूर खात बसले. फ्रिज गेला नाही. चौकट मात्र उखडली. मग चाचा उठले, चौकटीच्या कोणत्या बाजूची पट्टी काढायची ते दाखवलं, आणि फ्रिज आत गेला. जाताना मला म्हणाले, "डबे करतेस ना? उद्यापासून माझा एक. भात सुटा हवा."

मी मान हलवली. परक्या माणसाशी मी त्याहून जास्त बोलत नव्हते.

गोल आकड्यावर त्यांचा दात होता. कोणी पगार विचारला तर सांगायचे, "चार हजार एकशे त्र्याऐंशी." कोणी म्हणालं, तासाभरात येतो, तर विचारायचे, "भर म्हणजे किती?" एका शुक्रवारी मी म्हटलं, पंचवीस भाकऱ्या केल्यात. त्यांनी टोपली पुढे ओढून मोजल्या. तेवीस निघाल्या.

"हमीदा, गोल आकड्याखाली नेहमी काहीतरी झाकलेलं असतं."

"दोन सनाने खाल्ल्या असतील, चाचा."

"मग सांग, पंचवीस केल्या, दोन पोरीने खाल्ल्या. माझ्या वडलांनी एक होडी अशीच अंदाजाने बांधून दिली असती, तर चौदा माणसं बुडाली असती."

भाकरी गोल झाली नाही तरी त्यांना चालायची. "वाकडी आहे तर वाकडी म्हणून दे," म्हणायचे. त्यांचं भांडण वाकड्याशी कधीच नव्हतं. वाकड्याला सरळ म्हणणाऱ्याशी होतं. हे मला फार उशिरा समजलं.

आता नळ्यांबद्दल. चाचांकडे तीन प्लास्टिकच्या नळ्या होत्या, सांडपाण्याला लावतात तसल्या चार इंची, दोन्ही टोकांना बूच. त्यांच्या खोलीतला एसी गळायचा, म्हणून एके दिवशी त्या घेऊन आले आणि म्हणाले, "तुझ्या पलंगाखाली ठेव. मी सांगितल्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नको." मी ठेवल्या. वर्षभर झाडताना त्या पलीकडे करायची, झाडून झालं की परत अलीकडे.

मग एका शुक्रवारी जेवण झाल्यावर त्यांनी एक नळी उघडली. मला वाटलं घराचे नकाशे असतील. ती चर्चं होती. फार जुनी, दीड हजार वर्षांपूर्वीची, शाम देशातली, म्हणजे आता सिरिया म्हणतात तिकडची. बायझंटाइन म्हणतात त्यांना. चाचांच्या ऑफिसात पहिले मोठे साहेब ग्रीक होते. ते तरुणपणी तिकडे डोंगरात तंबू ठोकून राहिले होते आणि पडकी चर्चं, वेशी, कबरी, एकेक दगड मोजून कागदावर उतरवल्या होत्या. ते कागद जुने होऊन चुरा व्हायला लागले. साहेबांनी ऑफिसातल्या सगळ्यांचे हात बघितले आणि चाचांना निवडलं. अकरा वर्षं चाचा सुट्टीच्या दिवशी साहेबांच्या घरी जाऊन ते कागद ट्रेसिंगवर शाईने उतरवत होते. साहेब शेजारी बसून प्रत्येक रेघ तपासायचे. जुन्या कागदांची माती झाली. साहेब देशाला परत जाताना नळ्या चाचांच्या हवाली करून गेले. म्हणाले, कोणी भिंत बांधायला मागितलं तर फुकट दे, कोणी भिंतीवर लावायला मागितलं तर देऊ नको.

एकशे सदतीस कागद होते. तेही गोल नाही.

त्या शुक्रवारी जेवायला आलेल्यांत एक खाडीपलीकडचा गवंडी होता. तो म्हणाला, "चाचा, अल्लाने हातात कला दिली आणि तुम्ही आयुष्यभर गिरजाघरं काढलीत? एखादी मशीद काढायची होती."

टेप सर्रकन आत गेली. "कुराणात रूम नावाची सूरा आहे की नाही?"

"आहे."

"ते रूम म्हणजे हेच लोक. ज्यांचं नाव रोज पढतोस त्यांच्या घराची उंची किती होती, हे बघायला तुला पाप लागतं? तू गवंडी आहेस. भिंतीला कोणी कलमा विचारतं का? भिंतीला ओळंबा विचारतात."

 कागद बघायला मात्र तो गवंडीच सगळ्यात आधी पुढे सरकला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चाचा म्हणाले, "तू पण बघ. लांबून काय बघतेस?" मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. "इंग्रजी नाहीच आहे त्यावर, ग्रीक आहे. ते मलाही येत नाही." मग त्यांनी मला शिकवलं. जाड रेघ म्हणजे कापलेली भिंत, जणू सुरीने पाव कापला आणि आतलं दिसलं. बारीक रेघ म्हणजे त्याच्या मागे जे दिसतं ते. तुटक रेघ म्हणजे डोक्यावर आहे ते, कमान, छप्पर. एवढंच. दोन शुक्रवारांत मी कागद बघून सांगायला लागले की दार कुठे आहे आणि पूर्व कुठे, कारण त्या चर्चना पूर्वेकडे अर्धगोल पोट असतं. मला फार बरं वाटलं होतं. शाळा सुटल्यापासून मला कोणी काही नवीन शिकवलं नव्हतं.

एका कागदावर सात कमानींची रांग होती. चाचांनी वर्तमानपत्राची पट्टी फाडली, पहिल्या कमानीवर ठेवली, दोन्ही टोकांना पेन्सिलीने खुणा केल्या. मग तीच पट्टी दुसरीवर, तिसरीवर सरकवत नेली. जुळली. पाचवीवर जुळली नाही. खूण कमानीच्या टोकापलीकडे गेली, मधे तांदळाचा दाणा आडवा मावेल एवढी फट राहिली.

"कागदावर दाणा, जागेवर चार बोटं," चाचा म्हणाले. "का असेल सांग."

मी पट्टी परत पहिल्या कमानीवर ठेवून बघितली.

"दोन टोळ्या होत्या. एक या टोकाकडून बांधत आली, एक त्या टोकाकडून. मधे भेटल्या तेव्हा चार बोटं कमी पडली. मुकादम ओरडला असेल. शिव्या दिल्या असतील. मग ही कमान लहान केली आणि भागवलं. दीड हजार वर्षं झाली, राजा गेला, राज्य गेलं, त्या गवंड्यांची चूक तेवढी राहिली. साहेबांना ती सापडली तेव्हा ते खाली बसून हसले होते म्हणे."

त्या चर्चची हीच भिंत परवाच्या मोठ्या भूकंपात पडली. साहेब तोवर वारले होते. त्यांच्या भाचीने चाचांना लिहिलं की काही माणसं दगड वेचून ती भिंत पुन्हा उभी करायला बघतायत, दगड आहेत पण कोणता कुठे ते कळत नाही, तो कागद तुमच्याकडे आहे का. सनाने ते पत्र वाचून दाखवलं. चाचा बराच वेळ टेप ओढत राहिले, सोडली नाही. मग म्हणाले, "पाठवू. पण आधी त्याची एक प्रत हाताने काढून ठेवतो. कुरिअरवाल्याने हरवला तर?" सना म्हणाली, "चाचा, मोबाइलने फोटो काढून पाठवू ना, टू मिनिट्स." ते म्हणाले, "फोटोच्या कडा वाकतात, पोरी. दाण्याचा फरक फोटो गिळून टाकतो." त्यांनी प्रत काढायला घेतली. डोळे साथ देत नव्हते, दिवसाला वीतभर व्हायचं. मूळ कागद रोज आमच्याकडून न्यायचे आणि रोज आणून नळीत घालायचे.

याच दिवसांत इम्तियाझ इंजिनिअर आमच्याकडे जेवायला यायला लागला. तोही आपल्याच तालुक्यातला. दम्मामला त्याचं सजावटीचं ऑफिस आहे, हॉटेलं, रेस्टॉरंटं सजवून देतो. गोड बोलायचा. "भाभी, तुमच्या हातच्या सुक्या जवळ्यासाठी मी दम्मामहून आलोय." चाचांना म्हणाला, "एक रेस्टॉरंट आहे, मालकाला जुनी रूमी थीम हवीय. कमानी, खांब. तुमच्याकडे खजिना पडलाय पायपात."

"पडलेला नाही. ठेवलेला आहे."

"चाळीस हजार रियाल देतो, चाचा."

"तिथे लोक जेवायला येणार ना? मग त्यांना जेवू दे. भिंतीची जाडी काय खाणार?"

तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी टेप सर्रकन आत गेली आणि इम्तियाझ हसत हसत उठून गेला.

आणि मग चाचा आजारी पडले. पित्ताशय सडलं होतं. प्रायव्हेट हॉस्पिटलात नेलं तर कळलं की कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाने, त्यांचा इन्शुरन्सच भरलेला नाही. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाचा. ऑपरेशनला आधी पंधरा हजार भरा म्हणाले. सनाचे अब्बा हॉस्पिटलातून फोनवर फोन करत होते. कोण दोनशे देत होतं, कोण तीनशे.

सकाळी दहाला दार वाजलं. बाहेर इम्तियाझ. घरात मी एकटी, म्हणून दार साखळीवरच ठेवून बोलले.

"भाभी, चाचांकडून आलो. शुद्धीवर आहेत, बोलले माझ्याशी. म्हणाले, हमीदाकडून नळ्या घे आणि पैसे दे. हे पंधरा हजार. वेळ नाहीये, डॉक्टर थांबलाय."

मी विचारायला हवं होतं. सनाच्या अब्बांना एक फोन करायला हवा होता. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला "थांबा" म्हणायला मला जमत नाही, कधीच जमलं नाही. मी साखळी काढली, नळ्या एकेक करून बाहेर दिल्या. त्याने एक कागद पुढे केला. "पैसे मिळाल्याची सही, भाभी, बाकी काही नाही." इंग्रजीत होता. मी सही केली. शाळेत शिकले तशी, पूर्ण नाव, वर रेघ.

चाचा तेव्हा बेशुद्ध होते. तो हॉस्पिटलात गेलाच नव्हता.

इम्तियाझने माझ्याकडे ठेवलेली त्या कागदाची प्रत सनाने शाळेतून येऊन वाचली. "अम्मी, हे सेलचं आहे. चाळीस हजारांना विकले, पंधरा ॲडव्हान्स. तू चाचांच्या वतीने साइन केलंस." तोपर्यंत पैसे हॉस्पिटलात भरले गेले होते आणि चाचांना आत नेलं होतं. मी त्या कागदाकडे बघत बसले. माझ्या नावावरची रेघ अगदी सरळ आली होती.

चाचा वीस दिवसांनी आमच्याकडे आले, काठी घेऊन. बसले आणि म्हणाले, "ती सात कमानींची दे. अर्धी प्रत राहिलीय."

मी सांगितलं. मला वाटलं ओरडतील. गोल आकड्यावरून कोणाशीही भांडणारा माणूस. ते ओरडले नाहीत. वाकून पलंगाखाली बघितलं. खिशातून टेप अर्धी काढली आणि परत ठेवली, हळू, आवाज न करता. मला त्या न झालेल्या आवाजाची अजून लाज वाटते.

मग म्हणाले, "सही तुझी आहे ना? मग तू पण चल."

आम्ही तिघं गेलो, चाचा, सनाचे अब्बा आणि मी. इम्तियाझच्या ऑफिसात शिरल्या शिरल्या भिंतीवर आमचे सहा कागद सोनेरी फ्रेममध्ये लावलेले. चाचा पहिल्याजवळ गेले आणि थांबले.

"हा पाठीमागून लावलाय."

ट्रेसिंग आरपार दिसतं, कुठल्याही बाजूने रेघ दिसतेच. यांनी एक कागद उलट्या बाजूने काचेत घातला होता. आकडेसुद्धा उलटे.

"चार उलटा दिसतोय. तुझ्या ऑफिसात एकालाही दिसला नाही?"

"चाचा, ग्रीक आहे ना ते," इम्तियाझ म्हणाला. "पोरांना वाटलं असंच लिहितात."

एरवी मी हसले असते. चाचांचा चेहरा बघून हसू आलं नाही. इम्तियाझ त्यांना कॉम्प्युटरकडे घेऊन गेला, जणू बक्षीस दाखवतोय. "बघा, तुमचं काम किती स्वच्छ करून घेतलंय. त्या भूकंपवाल्या बाईंनाही हेच पाठवतो, फुकट. सवाबचं काम, पुण्य लागेल." पडद्यावर सात कमानींची रांग होती. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरचा एक कागद फाडून पट्टी केली, पडद्यावर धरली, खुणा केल्या आणि माझ्या हातात दिली. मी सरकवत नेली. पाचवीवर ती बरोब्बर बसली.

"एक कमान काढलीत आणि सात वेळा चिकटवलीत," चाचा म्हणाले.

"एकच वाकडी होती, चाचा. पोराने करेक्ट केली."

"करेक्ट." टेप सर्रकन आत गेली. "दीड हजार वर्षांत तिला कोणी करेक्ट केलं नाही. तुर्कांनी नाही, अरबांनी नाही. साहेब उन्हात चार दिवस शिडीवर होते त्या एका कमानीसाठी. हे पाठवलंस तर तिकडचे लोक सगळे दगड लावतील आणि शेवटी चार बोटं जागा कमी पडेल. मग दगड छाटतील. तुझ्यामुळे छाटतील. तू चोर आहेस त्याचं मला एवढं नाही. तू ढ आहेस आणि वर नीट करून देतोस."

ऑफिसातली सगळी पोरं माना खाली घालून बसली होती. इम्तियाझचा गोड आवाज तिथे संपला. "चाचा, कागद आहे माझ्याकडे सहीचा. तरी तुमचा मान ठेवतो. पंधरा हजार पुरे परत आणा, सगळं घेऊन जा. हप्ते चालतील. पण शेवटचा हप्ता येईपर्यंत नळ्या इथेच. आणि बाईंना तोवर मी काही पाठवत नाही."

टॅक्सीत चाचा पहिल्यांदा माझ्याशी भांडले. मी म्हणाले, सही माझी, पैसे मी फेडणार. ते म्हणाले, "ऑपरेशन माझं, पोट माझं फाडलं, पैसे माझे." "चूक माझी आहे, चाचा." "तुझी चूक तुझ्याकडे ठेव, मला त्यात वाटा नको." सनाचे अब्बा शेवटी ओरडले, "दोघं फेडा, पण गप्प बसा." ड्रायव्हर पाकिस्तानी होता. तो म्हणाला, "अब्बू से ऐसे झगड़ा नहीं करते, बहन." त्याला वाटलं मी त्यांची मुलगी. चाचांनी ते खोडलं नाही.

कफीलने चाचांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुढे वाढवला नाही. म्हणाला, म्हातारे झालात, फायनल एक्झिट घ्या, कायमचे गावी जा. चाळीस वर्षांचा हिशेब म्हणून जे हातावर टेकवलं ते मी लिहीत नाही, लिहिलं तर वहीचं पान फाटेल. त्यातले नऊ हजार चाचांनी इम्तियाझला नेऊन दिले. उरलेले मी डब्यांतून फेडायचे ठरले. मी आणखी सात डबे घेतले.

चाचांना शेवटचं पाहिलं ते दम्मामच्या विमानतळावर. व्हीलचेअरवर बसायला तयार नव्हते. ढकलणाऱ्या बंगाली माणसाला विचारत होते, इथून गेटपर्यंत किती अंतर. तो म्हणाला, शंभर मीटर. "शंभर कधीच नसतं," चाचा म्हणाले आणि बसले. काचेच्या पलीकडे गेल्यावर त्यांनी खुर्ची वळवायला लावली. आमच्याकडे बघून हात वर केला. मला वाटलं सलाम करतायत. त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणलं, मधे एक दाणा मावेल एवढी जागा ठेवली, आणि तसाच हात धरून राहिले. मग माणसांची रांग मधे आली.

गावाहून दर शुक्रवारी फोन यायचा. बाकी काही नाही, "किती उरले?" मी आकडा सांगायची. एकदा मी चुकून "अडीच हजार" म्हणाले, तर चाचा "नीट सांग" म्हणाले. त्यानंतरच्या शुक्रवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी ते वारले, आणि ग्रुपवर तो वारसा आला.

गेल्या महिन्यात मी शेवटचे पैसे घेऊन गेले. दोन हजार सेहेचाळीस. सना बरोबर होती. टॅक्सीत मागच्या सीटवर खोका ठेवला होता, त्यावर साहेबांच्या भाचीचा पत्ता सनाने आधीच लिहून ठेवला होता.

इम्तियाझ उठून उभा राहिला. "भाभी, आता चाचा राहिले नाहीत. कोणासाठी नेताय? इथेच राहू द्या, मी खाली चाचांच्या नावाची पाटी लावतो, पितळेची. पैसेही ठेवा. पोरीच्या शिक्षणाला होतील."

मी म्हणाले, "नळ्या आणा."

आणल्या. मी जमिनीवर बसले आणि एकेक कागद उघडून मोजायला लागले. ऑफिसातली पोरं बघत होती. एरवी एवढी माणसं बघतायत म्हटल्यावर माझा पदर डोळ्यांपर्यंत आला असता. एकशे सदतीस भरले. सना म्हणाली, "झालं अम्मी, चल." मी सात कमानींचा कागद परत उघडला. तसाच पिवळट, तशीच शाई. पर्समधून वर्तमानपत्राची पट्टी काढली, पहिल्या कमानीवर ठेवून खुणा केल्या, सरकवत नेली. पाचवीवर ती बसली. पुरी बसली.

"हा आमचा नाही," मी म्हणाले.

"भाभी, हाच आहे, किती वर्षं नळीत..."

"हा मशीनवरचा आहे. आमच्या पाचव्या कमानीत दाण्याएवढी फट राहते. आमचा आणा."

एका पोराने दुसऱ्याकडे बघितलं. मग तो हळूच म्हणाला, "सर, ओरिजिनल तुमच्या केबिनमध्ये फ्रेममध्ये आहे. रिटर्न करताना प्रिंट टाकला होता." मुद्दाम टाकला की त्यांना खरंच फरक कळला नाही, मला माहीत नाही. चाचा म्हणाले असते, दोन्ही सारखंच.

इम्तियाझ स्वतः आत गेला. फ्रेम फोडायचा आवाज आला. कागद आणला. मी पट्टी ठेवली. पाचवीवर फट राहिली. मी तो गुंडाळून नळीत घातला आणि बूच लावलं.

मग पैसे टेबलावर ठेवले. त्याने पाचशेच्या चार नोटा उचलल्या आणि बाकीचे माझ्याकडे सरकवले. "दोन हजार खूप झाले, भाभी. वरचे सेहेचाळीस माफ."

मी चार दहाच्या नोटा आणि रियालची सहा नाणी परत त्याच्यासमोर ठेवली, एकेक.

"लिहा. आज दोन हजार सेहेचाळीस मिळाले. पंधरा हजार पुरे झाले."

त्याने लिहिलं, खाली सही केली. सनाने वाचून दाखवलं, आणि मग मी सही केली.